मामाच्या चपला अनोळखी लोकांच्या मोबाईलवर कशा पोचल्या

आमच्या मामाचं बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत कोल्हापुरी चपलांचं काम आहे. इन्स्टाचं खातं माझ्याकडं आलं तेव्हा त्यावर चपलेचा फोटो, किंमत आणि खाली हॅशटॅगची रांग, एवढंच असायचं. लाईक करणारे कोण, तर आत्या, मावशी, शेजारपाजारचे, म्हणजे ज्यांच्या पायात आधीच मामाच्या चपला आहेत.

नवं गिऱ्हाईक पाहिजे तर आपल्याला फॉलो न करणाऱ्यांना दिसायला लागतं, आणि ते ठरवतो अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते निवडणारा इन्स्टाचा प्रोग्रॅम. मी वाचायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामचा प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलेलं की तीन गोष्टी जास्त मोजतात: लोक किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाईक करतात आणि किती जण पुढं पाठवतात. अनोळखी लोकांपर्यंत जायचं तर त्यातलं पाठवणं जास्त वजनाचं. मग मला प्रश्न पडला, चपलेचा फोटो कोण कुणाला कशाला पाठवेल?

म्हणून फोटो बंद केले आणि मामाचे हात शूट केले, चामड्याची वेणी घालताना, तळ ठोकताना. बिझनेस खात्याला सिनेमाची गाणी तशीही नीट मिळत नाहीत, त्यामुळं हातोडीचा आवाज तसाच ठेवला आणि व्हिडिओची सुरुवातच नव्या चपलेच्या कर्रकर्रनं केली, नमस्कार नाही, लोगो नाही. मामा वैतागला. "अगं, दुकानाचं नाव तरी दाव की आधी!" मी म्हटलं, "नाव शेवटी येतंय मामा, लोक पहिल्या दोन सेकंदातच बोट सरकवतात." त्याला ते अजून पटलेलं नाही. पण त्या कर्रकर्रवर लोकांनी आपापल्या आजोबांच्या चपलांच्या आठवणी लिहिल्या आणि भावाबहिणींना रील पाठवली, तिथनं गाडी हलली.

बाकी बारीकसारीक कामं पण होती. सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस म्हणून आहे, आपल्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जातात का ते तिथं कळतं, ते आधी बघून घ्या. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ इन्स्टा कमी सुचवतं, तर एडिट करून शिक्का नसलेलाच टाकायचा. आणि ट्रायल रील मला लई आवडली, कारण ती आधी फॉलो न करणाऱ्यांनाच दाखवतात, म्हणजे मावशीच्या लाईकनं आपली फसगत होत नाही.

मग जून 2025 मध्ये प्राडा या इटलीतल्या महागड्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडं तोच विषय. नुसतं चिडून बोलणारे व्हिडिओ ढिगानं होते, त्यात आपण आणखी एक कशाला घालायचा? मी वेगळं सांगितलं: कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं असं सरकारी मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी, त्यातले चार कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. झालं! "नाव कोल्हापुरी आणि जिल्हे कर्नाटकातले कसे?" म्हणून कमेंटमध्ये नुसता धुरळा, मराठीत, कन्नडात, मध्येच हिंदीत. आमच्याकडं बोलणं असंच मिसळून चालतं, म्हणून स्क्रीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहिलेलं होतं, आणि माझ्या मते ती रील एवढी फिरली ती त्यामुळंच. हुबळीचा माणूस कोल्हापूरच्या मित्राला पाठवतोय, तो परत भांडायला इकडं येतोय. ट्रेंडवर बसायचं तर आपल्याकडं सांगण्यासारखं खरं काहीतरी पाहिजे, नाहीतर व्ह्यू येतात आणि गिऱ्हाईक येत नाही.

आमच्याकडं पुण्या-बेंगळुरूहून ऑर्डर आल्या. साईझचा घोळ नको म्हणून पाय कागदावर ठेवून पेनानं आखायचा आणि फोटो पाठवायचा, याची पण रील केली, ती लोक सेव्ह करून ठेवतात. आता अडचण उलटी आहे, हातानं होणारं काम रीलच्या वेगानं होत नाही. परवा नवीन व्हिडिओ काढायला गेले तर मामा म्हणाला, "मोबाईल ठेव बाजूला, आधीच्या जोड्या जाऊ देत, मग काय काढायचं ते काढ." म्हणून सध्या नवीन रील बंद आहे.