बंगळूरहून घाटंजी तालुक्यात : कॅरियरने गाडी आणणाऱ्यांसाठी

बंगळूरहून निघालेला कार कॅरियर, म्हणजे गाड्या वाहून नेणारा ट्रेलर, राष्ट्रीय महामार्ग ४४ धरतो. हैदराबाद, निर्मल, आदिलाबाद करत पिंपळखुटीजवळ पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हाच लागतो. थोडं पुढे पांढरकवडा. तिथून आमचं गाव तासाभराच्या आत. पण कॅरियर तिथं गाडी उतरवत नाही. तो करंजी, वडकी, वडनेर, हिंगणघाट, जाम मागे टाकत नागपूर गाठतो, आणि आपली गाडी आपल्याला तिथून दीडेकशे किलोमीटर मागे आणावी लागते. ग्रामीण विदर्भात गाडी मागवायची असेल तर पैशाचं बोलण्याआधी गाडी नेमकी कुठं उतरणार ते ठरवून घ्या.

पांढरकवड्यालाच उतरवा, असं मी विचारलं होतं. दोन मजली ट्रेलरवर आमची गाडी आतल्या बाजूला होती. ती काढायची तर मागच्या गाड्या आधी उतरवाव्या लागतात, रॅम्प लावायला लांब मोकळी जागा लागते, आणि मधेच दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा आला तर भरून कोण देणार? ड्रायव्हरचं म्हणणं मला पटलं. ट्रेलर गावात येणं तर शक्यच नाही. फाट्यावरचं वळण आणि गावातल्या खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाहिल्या की विषय संपतो.

काही एजंट फोनवर 'घरपोच' म्हणतात. त्याचा अर्थ खोदून विचारा. बहुतेक वेळा नागपूरच्या यार्डातून त्यांचा माणूस तुमचीच गाडी चालवत गावापर्यंत आणतो. त्यात वाईट काही नाही, पण पेट्रोल आणि टोल कोणाचा, वाटेत काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, लिहून घ्या. छोट्या टोइंग गाडीवरून आणतो म्हणाले तर त्याचे पैसे वेगळे लागतात. बाबांना तपासणीसाठी वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून गाडी धडधाकट हाती यावी एवढीच माझी इच्छा होती. मी स्वतः नागपूरला जाऊन घेतली.

बुकिंगच्या वेळी मला मिळालेल्या दरांत जवळपास दुपटीचा फरक होता. सर्वात कमी दर सांगणाऱ्याला मी नाही म्हटलं. गाडी एकदा ताब्यात गेली की 'टॅक्स', 'हमाली', 'विमा' अशी नावं देऊन रक्कम वाढवायची आणि पैसे येईपर्यंत गाडी अडवून ठेवायची, हा प्रकार या धंद्यात नवा नाही. निम्म्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. बिल्टीवर गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, गाडीची किंमत, उतरवण्याचं ठिकाण आणि एकूण भाडं हे सगळं असल्याशिवाय किल्ली देऊ नका.

किंमत लिहिण्याला कारण आहे. रस्त्यावरील मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित आहे. मालाची किंमत लिहून देऊन जास्त जोखमीचा दर भरायचं आधी कबूल केलं नसेल, तर नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. नुकसान झालं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्या गाडीचा सर्वसमावेशक विमाही कामाला येतो, कारण त्यात रस्ता किंवा रेल्वेने गाडी वाहून नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. मात्र स्वतःच्या विम्यातून पैसे घेतले की नो क्लेम बोनस जातो, म्हणून फक्त या वाहतुकीपुरता ट्रान्झिट विमा वेगळा काढलेला बरा. तो खरोखर काढला आहे का, हे पॉलिसीचा कागद हातात घेऊन पाहा.

गाडी देताना ती धुऊन द्या, नाहीतर ओरखडे धुळीखाली झाकून राहतात. चारही बाजू, टप, चाकं आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो एजंटसमोर काढा. टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल पुरतं. मूळ आरसी देऊ नका, झेरॉक्स द्या. दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवा. काचेवरचा फास्टॅग झाका, कारण ट्रेलरवर उभ्या गाडीचाही टॅग टोलनाक्यावर वाचला जाऊन पैसे कापले जाऊ शकतात. डिकीत भांडीकुंडी भरायचा मोह होतो, पण त्या सामानाची हमी कोणी घेत नाही.

यार्डात दिवसाउजेडी पोहोचा. बॅटरीच्या उजेडात गाडी तपासून सही करू नका. मागच्या बंपरवर पट्ट्याचा घासा दिसला, तो मी बिल्टीच्या त्यांच्या प्रतीवर लिहून मगच सही केली, आणि भरपाईचं बोलणं सोपं झालं. आधी हवा तपासा, मग पेट्रोल भरा.

नागपूरहून सकाळीच निघा. दिवाळीनंतर हिंगणघाटकडे कापसाच्या गाड्या लागतात. दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, कित्येकांना मागचा दिवा नसलेल्या. अंधारात त्या जवळ येईपर्यंत कळत नाहीत. महामार्ग सोडल्यावरच्या आतल्या रस्त्यांचं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी मागवणं शक्यतो टाळा. नाल्याला पूर आला की रपटा पाण्याखाली जातो आणि ओळखीच्या घरी मुक्काम करावा लागतो.

गाडी कायमची इकडे राहणार असेल तर कर्नाटकच्या केए नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त चालवता येत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) फॉर्म २८ वर मिळते, कर्ज असेल तर आधी बँकेची लागते. बंगळूर सोडण्यापूर्वीच ती मिळवा. इथून फोनवर ते काम होत नाही. मग यवतमाळ आरटीओत रस्ता कर भरून एमएच २९ घ्यायचा, आणि कर्नाटकात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडे अर्ज करायचा. माझा तो अर्ज अजून चालू आहे.