हस्तपत्रके, शके आणि शोधपट्टी

फोंडा तालुक्यातील ज्या वाचनालयात मी काम करते, तेथे देवस्थानांच्या उत्सवांत झालेल्या मराठी नाटकांची जुनी हस्तपत्रके दोन लोखंडी ट्रंकांत वर्षानुवर्षे पडून होती. ती स्कॅन करून सर्वांना संगणकावर पाहता यावीत असे ठरले आणि नोंदींचे काम माझ्याकडे आले. डब्लिन कोर या प्रमाण पद्धतीतील 15 घटक समोर ठेवून मी शीर्षक, कर्ता, प्रकाशक, दिनांक असे रकाने नेटकेपणाने भरले. वापरणार कोण, हे मात्र कोणाला विचारले नाही. संशोधकच येणार असे मी धरून चालले होते.

पहिले आले ते एक निवृत्त शिक्षक. त्यांचे वडील उत्सवातील नाटकांत स्त्रीभूमिका करीत असत आणि वडिलांचे नाव छापलेले हस्तपत्रक त्यांना पाहायचे होते. मी मदत न करता मुद्दाम शेजारी नुसती बसून राहिले. त्यांनी शोधपट्टीत 'मंगेशी' लिहिले, थोडे थांबले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाय, मंगेशी बरयलां, कांयच येना."

हस्तपत्रक आमच्याकडे होते. मंगेशीचे देऊळ प्रियोळ गावात येते, हस्तपत्रकावर 'प्रियोळ' छापले होते आणि जे छापले तेच नोंदवायचे या शिस्तीने मी तेवढेच नोंदवले होते. वडिलांच्या नावाने शोधूनही काही आले नसते, कारण 'कर्ता' या रकान्यात मी फक्त नाटककार घातला होता; पात्रपरिचयातील गावची मंडळी माझ्या लेखी कर्ते नव्हतीच. हे मला आजही खटकते, कारण ही हस्तपत्रके घरोघरी जपली गेली ती नाटककारासाठी नव्हे, या नावांसाठी.

त्यानंतर दोन महिने येणाऱ्या प्रत्येकाकडून मी एका चिठ्ठीवर, त्यांच्याच शब्दांत, काय हवे ते लिहून घेतले. नाटकाचे नाव फार थोड्यांनी लिहिले. बाकीच्यांनी गाव, देवस्थान, आडनाव आणि उत्सव लिहिला. 'शांतादुर्गा' कोणी जोडून लिहिले, कोणी तोडून, आणि आमच्या शोधपट्टीला ती दोन वेगळी दैवते वाटत होती. पोर्तुगीज काळातील कागदांवरून आडनाव उचलून आणणाऱ्यांची अडचण निराळी: तेथे शेणव्यांचे 'सिनाय' आणि प्रभूंचे 'पोरोबो' झालेले असते. शेवटी प्रत्येक गावाची, देवस्थानाची आणि आडनावाची सर्व रूपे एकाच नोंदीला बांधली, म्हणजे कोणतेही रूप लिहिले तरी वाचक त्याच कागदापाशी पोहोचेल. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणालाही दिसत नाही. आमच्या एका हितचिंतकांना त्याऐवजी मुखपृष्ठावर समईचे चलच्चित्र हवे होते.

तारखांची चूक सर्वस्वी माझी. हस्तपत्रकांवर शके आणि तिथी असते, वाचक इसवी सन शोधतो, म्हणून मी सरसकट 78 मिळवत गेले. मंगेशीची जत्रा माघात, म्हणजे इंग्रजी वर्ष उलटल्यावर येते, तेथे 79 मिळवावे लागतात. शके 1872 चा माघ 1951 च्या फेब्रुवारीत पडतो, माझ्या नोंदीत तो 1950 होता. माघ-फाल्गुनातील सगळी हस्तपत्रके पुन्हा काढून तपासावी लागली. आता मूळ शके-तिथी जशीच्या तशी ठेवून शेजारी इसवी सन देते.

शिक्षक पुन्हा आले तेव्हा 'मंगेशी' लिहिताच हस्तपत्रक समोर आले. पात्रपरिचयाची ओळ मात्र पडद्यावर मोठी करताच फुटू लागली, कारण मी स्कॅन कमी रिझोल्यूशनवर केले होते. मी ट्रंक उघडून मूळ कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, वडिलांच्या नावाखाली बोट धरले आणि याचीच छापील प्रत मिळेल का, असे विचारले. ती पहिली ट्रंक मी सध्या नव्याने स्कॅन करते आहे.