शिकारी अखेर दोन लाख टिकांच्या पार

संगणकावर मी एक छोटे आभासी जग चालवते: त्यात गवत, ते खाणारे चरणारे आणि त्यांना खाणारे शिकारी असतात, आणि काळ टिकांनी, म्हणजे एकेका पावलाने, पुढे सरकतो. मागच्या नोंदीत मी लिहिले होते की शिकारी 41,000 टिकांच्या आसपास संपतात आणि त्याचे कारण मला सापडत नाही. काल रात्री लावून ठेवलेल्या दहा रनांपैकी (एक रन म्हणजे या जगाची सुरुवातीपासूनची एक फेरी) नऊ रन आज सकाळी 2,00,000 टिकांच्या पार गेलेले दिसले. गवत, चरणारे आणि शिकारी या तिन्ही पातळ्या जिवंत होत्या आणि मधे एकही प्राणी बाहेरून सोडलेला नव्हता. गेले चार महिने जी शिकाऱ्यांच्या संख्येची लाल रेघ शून्याला टेकून सपाट होताना पाहिली, ती वरखाली होत आलेखाच्या उजव्या कडेपर्यंत पोहोचलेली पाहून मी बराच वेळ पडद्यासमोरून उठले नाही.

प्राणी ज्यावर फिरतात ते ग्रिड जुनेच आहे, 256 गुणिले 256 घरांचे, कडा एकमेकींना जोडलेल्या. कारण शोधण्यासाठी मी एक फसलेला रन त्याच सीडवर, म्हणजे योगायोग ठरवणाऱ्या त्याच सुरुवातीच्या आकड्यावर, पुन्हा चालवला आणि शेवटचे काहीशे टिक एकेक करून पाहिले. टिक 41,260 ला एकच शिकारी उरला होता. त्याच्याजवळ दोन एकक ऊर्जा होती, सर्वांत जवळचा चरणारा पाच घरांवर होता आणि त्याची नजर चारच घरांपर्यंत पोहोचत होती. तो विरुद्ध दिशेला वळला आणि दोन टिकांनी संपला. चरणारे तेव्हा नुकतेच सावरू लागले होते, म्हणजे अन्न परत येत होते, पण खाणारा तोवर टिकला नाही.

पहिली चूक कोडमध्येच निघाली. प्राण्यांची यादी जन्मक्रमाने लावलेली होती आणि प्रत्येक टिकमध्ये लूप त्याच क्रमाने फिरत होते, त्यामुळे जुन्या शिकाऱ्यांना नेहमी आधी घास मिळे, पिल्ले उपाशी राहत आणि म्हातारी पिढी मेली की मागे कोणीच उरत नसे. दर टिकला यादी पिसून घेतल्यावर नामशेष होण्याचा क्षण सरासरीने 58,000 टिकांवर गेला. ज्यांच्या कोडमध्ये क्रम ठरलेला आहे त्यांनी इतर कोणत्याही पॅरामीटरला हात लावण्याआधी हे तपासावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे मी उलट्या दिशेने गेले. शिकारी उपाशी मरतात, तर गवत वाढवावे, एवढा सरळ हिशेब करून मी गवताचा वाढीचा दर 0.02 वरून 0.05 केला. चरणाऱ्यांचे शिखर 5,200 वरून 11,400 वर गेले, पण दोन शिखरांमधली दरी 310 वरून 46 पर्यंत खोल गेली आणि शिकारी पूर्वीपेक्षा लवकर संपले. रोझेनझ्वाइग यांनी 1971 मध्ये समीकरणांतून दाखवलेला समृद्धीचा विरोधाभास तो हाच. शिकाऱ्याला भक्ष्य पकडायला आणि पचवायला वेळ लागतो, म्हणून भक्ष्य कितीही वाढले तरी एका शिकाऱ्याचे खाणे एका मर्यादेपुढे वाढत नाही. भक्ष्य त्याच्या हातून निसटून वाढते, मागोमाग शिकारी बेसुमार होतात आणि मग दोन्ही रेघा एकदम कोसळतात. लोटका आणि व्होल्टेरा यांच्या पद्धतीच्या शिकारी-भक्ष्य समीकरणात शिकाऱ्यांची संख्या 0.3 होऊनही पुन्हा वर येऊ शकते. आपल्या ग्रिडवर शेवटचा प्राणी मेला की सारे तिथेच थांबते. दर 0.012 पर्यंत उतरवून पाहिला तेव्हा दऱ्या उथळ झाल्या खऱ्या, पण शिकारी जेमतेम नव्वदच्या घरात राहू लागले आणि एवढ्या लहान संख्येला एखादा वाईट योगायोगही पुरतो.

या अवस्थेत मी पडद्यावरून उठून जुन्या प्रयोगांकडे वळले. गाउसे यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डिडिनियम या एकपेशीय शिकाऱ्याने पॅरामिशियम हे सगळे एकपेशीय भक्ष्य फस्त केले आणि मग तेही मेले. दोघे एकत्र टिकले ते दर तीन दिवसांनी बाहेरून नवे जीव सोडल्यावर. असे सोडणे मला कधीच पटले नाही, कारण मग टिकाव व्यवस्थेचा राहत नाही, आपल्या हाताचा होतो. हफेकर यांनी 1958 मध्ये संत्र्यांवरच्या कोळीकिडींसाठी वेगळी वाट काढली: संत्र्यांमध्ये व्हॅसलीनचे अडथळे घातले आणि लहान काड्या रोवल्या, ज्यांवरून भक्ष्य असलेली कीड रेशमी धाग्याने वाऱ्यावर उडून पुढे जाऊ शके, तर शिकारी किडीला चालतच जावे लागे.

मी ग्रिडवर दगडी बांध घालून 64 गुणिले 64 चे सोळा तुकडे केले, बांधांना अरुंद खिंडी ठेवल्या आणि चरणाऱ्यांची तीन टक्के पिल्ले चाळीस घरांच्या आत कुठेही जाऊन पडतील असा वारा लावला. शिकारी खिंडीतूनच जातात. आता अकराव्या तुकड्याकडे पाहिले तर तिथे शिकारी अजूनही संपतात, साधारण दर सहा-सात हजार टिकांनी. पण तोवर शेजारी कुठेतरी गर्दी झालेली असते आणि खिंडीतून एखादी जोडी आत येते. गाउसे यांना जे बाहेरून करावे लागले ते जागेच्या विभागणीमुळे आतल्या आत घडते, आणि गवताचा दर मला 0.02 वरून हलवावाही लागला नाही.

एवढे रन रातोरात होण्याचे श्रेय पायथन कोड वेगवान करणाऱ्या नंबाला आहे. नेटलोगो या सिम्युलेशनच्या साधनात कल्पनेचा पहिला आराखडा करून पाहणे मला आजही आवडते, पण दहा सीड आणि दोन लाख टिक म्हटले की मी पायथनमधल्या नमपायच्या सपाट ॲरेंकडेच, म्हणजे आकड्यांच्या रांगांकडेच, वळते.

फसलेला दहावा रन मला नवांइतकाच मोलाचा वाटतो. तो 1,37,000 टिकांना संपला आणि नोंदी उघडल्यावर दिसले की त्याच्या आधी सोळाही तुकड्यांतले चढउतार एकाच तालात आले होते. सगळीकडे एकाच वेळी दरी आली तर शेजारून येणार कोण? वाऱ्याने उडणारी पिल्ले तुकड्यांना एकमेकांशी जोडतात, म्हणजे वारा जास्त झाला तर विभागणीचा उपयोगच उरत नाही. पुढच्या टप्प्यात विघटक आणायचे असे मी कळवले होते, पण आधी वारा एक ते आठ टक्क्यांपर्यंत बदलून पाहणार आहे. हे लिहिता लिहिता वाटते आहे की टक्केवारी मी ठरवूच नये: दूर पडणाऱ्या पिल्लांपैकी काही मरतील अशी किंमत लावावी आणि किती दूर उडायचे ते जनुकात टाकून पिढ्यांवर सोपवावे. त्यासाठी जीनोममध्ये एक रकाना वाढवावा लागेल. एक टक्का वाऱ्याचे दहा रन मात्र आत्ताच सुरू केले आहेत आणि पहिला 12,400 व्या टिकवर आहे.