अकोल्याचा मे महिना, आरएक्स ५८० आणि एक वजाबाकी

दुपारी अडीचला माझ्या खोलीत ४१ अंश असतात. वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, पश्चिमेला उघडी भिंत. ग्राफिक्स कार्डांच्या (कॉम्प्युटरमधलं खेळांची चित्रं काढणारं कार्ड) चाचण्या बहुतेक वेळा २२-२५ अंशांच्या खोलीत होतात, त्यामुळे 'लोडवर ७० अंश' असं वाचून विदर्भातल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून एक आकडा धरून ठेवलाय: कार्डाचं तापमान वजा खोलीचं तापमान. खाली जिथे 'फरक' म्हटलंय तो हाच.

माझं कार्ड एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबी, दोन पंख्यांचं, सेकंडहँड, ६,२०० रुपयांना. हे मॉडेल एप्रिल २०१७ चं. २,३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक), मेमरीशी जोडणारी २५६ बिटची बस, कागदावर १८५ वॅट. सप्टेंबर २०२२ मध्ये अशा कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग संपलं आणि ही कार्डं ढिगाने विकायला निघाली. माझंही त्यातलंच असणार, हे धरूनच घेतलं.

८ एप्रिल

पहिल्याच दिवशी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) चढेना. विंडोजला कार्ड दिसतं, पण पिवळा त्रिकोण आणि कोड ४३. मायनिंगवाले या कार्डांचं बायोस (कार्ड कसं चालायचं ते ठरवणारा आतला प्रोग्राम) बदलतात: मेमरीचं टायमिंग घट्ट करायचं, कोरचा (मुख्य चिपचा) वेग खाली आणायचा. अशा बायोसची सही ड्रायव्हरला जुळत नाही आणि तो पुढे जात नाही. माझ्या कार्डाच्या वरच्या कडेला बारीक स्विच आहे. कॉम्प्युटर बंद करून तो दुसऱ्या बाजूला सरकवला, तर तिथे मूळ बायोस शाबूत होतं. ज्यांच्या कार्डाला स्विच नाही त्यांनी मूळ बायोस चढवताना आधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीची कंपनी पाहावी. सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन यांपैकी जी असेल तिला चालणारंच बायोस लागतं. तिथेच शेडरचा आकडाही बघून घ्या. २,०४८ दिसला तर ते कार्ड नावाला ५८०, आत ५७० आहे.

मग सुपरपोझिशन या चाचणीच्या सॉफ्टवेअरची १०८० पी एक्स्ट्रीम चाचणी, सलग तीनदा, आणि तिसरा आकडा खरा धरायचा. खोली ३४, कार्ड ८४, फरक ५०. गुण २,०८५. कोरचा वेग ठरलेल्या १,३६६ मेगाहर्ट्झवर टिकतच नव्हता, १,२९० पर्यंत घसरत होता. चिप जितकी गरम तितकी तिची गळती जास्त, आणि त्या गळतीतच वॅटची मर्यादा भरून जाते. पंखे मिनिटाला २,९०० फेऱ्यांवर ओरडत होते, डावीकडच्याचं बेअरिंग खरखरत होतं.

१५ आणि १६ एप्रिल

कार्ड उघडलं. पाठीमागचे स्प्रिंगवाले चार स्क्रू थोडे थोडे, तिरपे तिरपे सैल केले. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) लगेच सुटला नाही. हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं दिली आणि हलकेच पीळ दिला तेव्हा 'टक्' आवाज करून वर आला. चिपवरची, उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. मधोमध तर जवळजवळ नव्हतीच, नुसती करडी कड उरली होती. फिन्सच्या (हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या) तोंडाशी धुळीचा थर इतका दाट की चिमट्याने एका पट्टीत उचलला, हातात नमदा धरल्यासारखा. मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅड दाबून दाबून कडक झालेले, आजूबाजूच्या बोर्डावर त्यातलं सिलिकॉनचं तेल पसरलेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ ब्रश घेऊन पाऊण तास पुसत होतो.

इथे माझी एक चूक झाली, ती नीट सांगतो. पॅड आणायला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, किती एमएमचे देऊ?" जुने पॅड मोजून नेले नव्हते. दीड एमएमचे घेतले. वाटलं, जाड असले तर उलट चांगले चिकटतील. कार्ड जोडलं, चाचणी लावली आणि चाळीस सेकंदांत ९० च्या पार. लगेच बंद केलं. पुन्हा उघडल्यावर कारण समोरच होतं: पेस्टचा दाणा टाकला तसाच गोल राहिला होता, फक्त एका कोपऱ्यात दबला होता. जाड पॅडनी हीटसिंक उचलून धरला होता, तांब्याचा तळ चिपला टेकतच नव्हता. दुसऱ्या दिवशी जुना पॅड जिथे दबला नव्हता त्या कडेला कॅलिपर लावून मोजला. एक एमएम. नवे आणले, बसवले, एकदा घट्ट करून परत उघडलं आणि पेस्ट चारी कोपऱ्यांत सारखी पसरलेली पाहूनच शेवटचं आवळलं. ही उघडून पाहायची सवय लावून घ्याच. थोडी पेस्ट वाया जाते, पण कार्ड वाचतं.

खोली ३५, कार्ड ७५, फरक ४०. नुसत्या साफसफाईने दहा अंश. गुण २,१२८.

२० एप्रिल

आता ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे वेग ठरल्यापेक्षा वाढवायची, घाई सुटलेली असते, पण मी आधी उलटीकडे गेलो. या चिपला कंपनीकडून सरसकट जास्तीचं व्होल्टेज देतात, म्हणजे कमी प्रतीची चिपसुद्धा चालून जाते. माझ्या कार्डावर वेगाच्या शेवटच्या पायरीला ११५० मिलिव्होल्ट होते. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. ११५० चे १०५० केले तर १.०५ भागिले १.१५, त्याचा वर्ग, म्हणजे ०.८३. वेग तोच आणि वीज सुमारे १७ टक्के कमी.

अ‍ॅड्रेनालिनच्या (एएमडीचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) ट्यूनिंग पानावर २५-२५ मिलिव्होल्टने उतरत गेलो. दर पायरीला चाचणी, मग अर्धा तास खेळ. १०२५ वर चाचणी पार पडली, पण खेळात विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी. १०५० वर तीन संध्याकाळी काही झालं नाही. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचे वॅट १३२ वरून १०६ वर आले. (पोलारिस, म्हणजे या पिढीच्या, कार्डांत हा आकडा फक्त चिपचा असतो, मेमरी आणि पंखे त्यात धरलेले नसतात. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याचा, हिशेब यावरून करू नका.) खोली ३६, कार्ड ६९, फरक ३३. वेग आता १,३६६ वर रेघ मारल्यासारखा सरळ, म्हणून व्होल्टेज कमी करूनही गुण वाढून २,१६५.

एक बारकावा, ज्यात माझा अख्खा रविवार गेला. रात्री आवाज नको म्हणून १,२०० मेगाहर्ट्झला ९०० मिलिव्होल्ट असं वेगळं प्रोफाइल (सेटिंगचा संच) केलं, पण मोजलेलं व्होल्टेज १००० च्या खाली येईना. ट्यूनिंगमध्ये मेमरीच्या शेजारी जो व्होल्टेजचा रकाना आहे तो मेमरी चिपांना जाणाऱ्या विजेचा नाहीच. मेमरी त्या वेगावर असताना कोरचं व्होल्टेज किमान किती ठेवायचं, हे तो ठरवतो. तो ९०० केला आणि कोरही खाली आला.

२७ एप्रिल

मत्स्यालयात लावतात तो तारेवरच्या टोकाचा छोटा थर्मामीटर आणला आणि टोक कार्डाच्या पंख्यांजवळ लोंबकळत ठेवलं. खोलीत ३८, पंख्यांपाशी ४४. म्हणजे कार्ड बिचारं आधीच सहा अंश गरम हवा ओढत होतं. माझ्या कॅबिनेटला पुढे अख्खी काच आहे, हवेला वाट फक्त कडेच्या बोटभर फटीतून. काच काढली, तिच्या जागी खिडकीची मच्छरदाणीची जाळी लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवली. पंख्यांपाशी आता ४०. कार्ड ६७, फरक २९. खर्च ९० रुपये. एवढ्याशा पैशांत चार अंश उतरले.

४ मे

खरखरणारा पंखा बदलायचाच होता, तर दोन्ही पंखे आणि प्लास्टिकचं आवरण काढून टाकलं आणि हीटसिंकवर १२० एमएमचे दोन आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी पंखे नायलॉनच्या टायने बांधले. या पंख्यांची एकाला एक जोडायची वायर असते, त्यामुळे कार्डावरच्या छोट्या चार पिनच्या सॉकेटला एकच अ‍ॅडॉप्टर लागतो आणि दोघांचा वेग कार्डच सांभाळतं. जोडण्याआधी पंख्याच्या स्टिकरवरचा अँपिअर वाचा. त्या सॉकेटवर जड पंखा लादायचा नाही. पंखे आणि फिन्स यांच्यात फट राहते तिथून हवा बाजूला पळते, म्हणून कडेने फोमची पट्टी लावली. जागा मात्र मोजून घ्या, कार्ड आता तीन स्लॉटांच्याही वर जाडीचं झालंय.

१,३०० फेऱ्यांवर खोली ३९, कार्ड ६४, फरक २५. आवाज म्हणाल तर छताचा पंखा बंद केल्याशिवाय ऐकूच येत नाही. आई दुपारी याच खोलीत पडते. तिने विचारलं, "आज कॉम्प्युटर लावला नाहीस का रे?" चाचणी तेव्हा चालूच होती.

१२ मे

एवढं झाल्यावर वेग वाढवायला बसलो. ११५० मिलिव्होल्ट देऊन १,४३० चालतं, पण चिपचे वॅट १३८. १,४०० मात्र १०८७ वरच टिकतं आणि वॅट ११८. शेवटच्या ३० मेगाहर्ट्झसाठी २० वॅट! ४१ अंशांच्या खोलीत ते २० वॅट पुन्हा माझ्याच अंगावर येणार. १,४०० वर थांबलो.

मेमरीचं गणित वेगळं आहे आणि इथे फसायला होतं. कार्डाची जीडीडीआर५ मेमरी चुकलेली माहिती ओळखून परत मागवते. त्यामुळे वेग फार वाढवला तरी स्क्रीनवर ठिपके दिसत नाहीत, सगळं ठीक वाटतं, पण गुण खाली येतात. मेमरी २,१५० मेगाहर्ट्झवर असताना माझे गुण २,१०० मेगाहर्ट्झवरच्या गुणांपेक्षा कमी आले आणि एचडब्ल्यूइन्फोच्या मेमरी एररच्या ओळीत आकडा वाढत होता. २,१०० वर तासभर शून्य. बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग) २५६ वरून २६८.८ जीबी प्रति सेकंद. तिथेच ठेवलं.

खोली ४१, कार्ड ६९, फरक २८, गुण २,२३१. पहिल्या दिवशीपेक्षा सात टक्के जास्त, खोली सात अंश गरम असताना कार्ड पंधरा अंश थंड.

१९ मे

कूलरबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. कूलर लावला की खोली ३३ वर येते आणि कार्डही तितकंच उतरतं. दमट हवेने कार्डावर पाणी साचत नाही, कारण कार्ड हवेपेक्षा गरम असतं. भीती वेगळी आहे. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, आणि कूलर बारीक थेंब फेकतो. गेल्या वर्षी कॅबिनेट कूलरच्या थेट समोर होतं, तेव्हा पंख्यांवर क्षार आणि धूळ यांचा चिकट लेप बसला होता. आता कूलर खिडकीत, कॅबिनेट आडव्या भिंतीला, आणि जाळी दर रविवारी झटकायची.

राहिली लाईट. या महिन्यात रोज दुपारी जाते. कॉम्प्युटर असा अचानक बंद पडला की ड्रायव्हरला वाटतं सेटिंगमुळेच पडला, आणि तो सगळं मूळपदावर आणतो. मंगळवारी ७८ अंश पाहून मी पेस्ट गेली समजून स्क्रू काढायला घेतला होता, मग लक्षात आलं की व्होल्टेज परत ११५० झालंय. आता प्रोफाइलची फाइल डेस्कटॉपवरच ठेवली आहे, आणि या पगारात ६०० व्हीएचा यूपीएस घ्यायचा आहे. तोवर लाईट आली की आधी प्रोफाइल चढवतो, मगच खेळ उघडतो.