कियारी, मानेचा कोन आणि मेंदूतलं पाणी

कियारी म्हणजे लहान मेंदूचा खालचा भाग कवटीतून मानेकडे उतरणं. त्याचा एमआरआय रिपोर्ट आला की सगळे आधी मिलिमीटर बघतात. लहान मेंदूची खालची टोकं, म्हणजे टॉन्सिल (घशातले नव्हेत), कवटीच्या तळाच्या छिद्रातून 5 मिमी किंवा जास्त उतरले, की प्रकार 1. पण त्रास किती होईल हे त्या आकड्यावरून ठरत नाही. छिद्रात पाण्याला वाट किती उरली, हे जास्त महत्त्वाचं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण 150 मिली पाणी, म्हणजे सीएसएफ असतं. प्रत्येक ठोक्याला मेंदूत रक्त शिरतं, कवटी फुगू शकत नाही, म्हणून थोडं पाणी मानेकडे सरकतं आणि लगेच परत येतं. टॉन्सिलनी वाट अडवली की ते उरलेल्या फटीतून जोरात जातं. खोकताना, शिंकताना, कुंथताना डोक्याच्या मागे उठणारी कळ याच कोंडीची.

आता मान. ती मागे टाकली की कवटीची मागची कड आणि पहिल्या मणक्याची कमान जवळ येतात, टॉन्सिलमागची जागा आवळते. पुढे वाकवली की मागे मोकळं होतं. पण बेसिलर इनव्हॅजिनेशनही असेल, म्हणजे दुसऱ्या मणक्याचा सुळका कवटीत चढलेला असेल, तर पुढे वाकताच तो मेंदूच्या देठाला रेटतो. क्लिवस, म्हणजे कवटीच्या तळाचं उतरतं हाड, आणि या मणक्यातला कोन एरवी 150 ते 180 अंश. वाकताना तो घटतो. म्हणून ‘हनुवटी छातीला लावा’ हा सल्ला एकाला आराम देतो, दुसऱ्याचे हातपाय बधिर करतो. सरसकट व्यायाम सांगणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

नेहमीचा एमआरआय उताणं झोपवून, मान सरळ ठेवून होतो. वाकल्यावर काय घडतं ते त्यात दिसत नाही. कोणत्या स्थितीत, किती वेळाने, काय होतं हे लिहून न्या. पहिल्या-दुसऱ्या मणक्यातला सांधा सैल असल्याची शंका असेल तर मान पुढे-मागे करून काढलेला एक्स-रे किंवा सीटी लागतो. मान रुग्णाने स्वतः हलवायची, मुंग्या आल्या की थांबायचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात पूर्वी असलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल या सांध्याच्या अस्थिरतेवरच भर देतात. कियारीबाबत सगळे सर्जन ते मानत नाहीत, पण तो सांधा तपासायलाच हवा. पाण्याचा प्रवाह बघायला सिने एमआरआय, म्हणजे हलतं चित्र दाखवणारा एमआरआय असतो.

सलूनमध्ये मान कडकडवून घेणं पूर्ण बंद. शीर्षासन, सर्वांगासन, हलासनही नको. उशी एवढीच जाड, की मान ना पुढे ढकलली जाईल ना मागे लटकेल. कुठलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञांना आधी सांगा: श्वासाची नळी घालताना मान मागे ताणली जाते, आणि त्यांना मान सरळ ठेवून दुर्बिणीने नळी घालायची तयारी करावी लागते. कमरेतून पाणी काढायचं किंवा कमरेत भूल द्यायची असेल तरीही सांगा. खालच्या पाण्याचा दाब घटला तर टॉन्सिल आणखी खाली ओढले जाऊ शकतात.