कन्नड कागद आणि मामाची सही

आज रविवार म्हणून निवांत झोपलेलो, तर सातलाच बेळगावातल्या अनगोळहून मामाचा फोन, "अरे, कामाला येऊ नको म्हणालेत." उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत 11 वर्षं मोल्डिंगला होता, काम कमी झालंय एवढंच कारण, आणि वर एक कन्नड कागद हातात दिला, सही करून आण मग हिशोब देतो म्हणे. मामाला कन्नड बोलता येतं, वाचता नाही. शेजारच्या वैनींनी वाचलं, राजीनामा हाय की ओ हा!

म्हटलं सही अजिबात करू नको. काम नाही म्हणून काढलं तर महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, शिवाय वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 165 दिवसांचा झाला की! ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी, ती 5 वर्षं झाली की राजीनाम्यातही मिळते, पण हे 15 दिवसांचं उडतं, म्हणूनच सहीची एवढी घाई.

दुपारभर पगाराच्या स्लिपा शोधल्या, ट्रंकेत लग्नपत्रिकांखाली सापडल्या. उद्या लेबर ऑफिस, अर्ज वैनी कन्नडमधे लिहून देणार. मामा अजून म्हणतोय, मालक चांगला माणूस हाय रे. असेल की, मग कागद मराठीत का नाही दिला?