आधी पंखा उतरवा, कार्ब्युरेटर नंतर

सिट्रोएन २सीव्ही ही जुनी फ्रेंच गाडी गचके देत चालायला लागली की पहिला हात कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर जातो आणि तिथूनच घोळ वाढतो. ६०२ सीसीच्या या दोन सिलिंडरच्या इंजिनात दोष बहुतेक वेळा पुढे, पंख्यामागे दडलेल्या एका छोट्या डबीत असतो. तिच्यात पॉइंट असतात, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क. गाडीला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग, नाही. एकच कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देते. एक ठिणगी कामाची, दुसरी एक्झॉस्टच्या फेरीत वाया. त्यामुळे एका प्लगची वायर सैल झाली तरी दुसऱ्याचीही ठिणगी बिघडते. आणि वायर लोंबकळत ठेवून स्टार्टर मारू नका, कॉइल जायची.

डबीपर्यंत पोचायचं तर पुढची जाळी काढा, पट्टा सैल करून उतरवा, मग पंख्याच्या मधल्या नळीत खोलवर असलेला १४ मिमीचा बोल्ट लांब सॉकेटने सोडवा. पंखा निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो. दोन्ही हातांनी धरून हलवत हलवत ओढा. पात्यांखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलात तर पातं मोडेल.

झाकण उघडल्यावर आधी आत तेल आहे का बघा. असेल तर मागचं ऑइल सील गेलंय. ते न बदलता नवे पॉइंट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पॉइंट कोरडे पण निळसर जळलेले असतील तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंट जळू नयेत म्हणून जोडलेल्या भागावर. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना गॅप ०.४ मिमी ठेवा. पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमला दोन उंचवटे आहेत, दोन्हीवर मोजा. फरक आला तर कॅम झिजलाय, आणि मग दोन सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) कधीच जुळणार नाही.

टायमिंगला महागडं काही लागत नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूला, मागे, एक भोक आहे. त्यात ६ मिमीची सरळ सळई घालून प्लग काढलेलं इंजिन हळूहळू फिरवा. सळई फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) भोकात टुपकन शिरते. कॉइलकडून पॉइंटकडे येणारी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये छोटा बल्ब जोडा, इग्निशन चालू करा. डबीचे बोल्ट सैल करून ती जराशी फिरवा आणि बल्ब लागेल त्या क्षणी आवळा. सळई काढून इंजिनाला एक पूर्ण फेरी द्या, सळई परत घालून पुन्हा तपासा. काम झालं की सळई बाहेर काढा! ती आत राहिली आणि स्टार्टर मारला तर पुढचं काम बरंच मोठं होतं.

पंखा उतरलेलाच आहे तर मागचा ऑइल कूलर बघून घ्या. धूळ, पिसं, किडे यांनी तो बुजतो आणि हवेवर थंड होणारं इंजिन उन्हाळ्यात तेल तापवू लागतं. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, थंड इंजिनावर, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.२० मिमी. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट पूर्ण उघडला की उजव्याचा एक्झॉस्ट सेट करायचा, इनलेटचंही तसंच.

इंजिन सगळीकडून तेलाने माखलेलं दिसलं की लोक एकामागून एक सील बदलत सुटतात. त्याआधी तेल भरण्याच्या नळीतला ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारा भाग) तपासा. आतली रबरी झडप क्रँककेसमधला दाब बाहेर सोडते आणि हवा परत आत घेत नाही. रबर चिरलं की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं.

किंगपिनना (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळ्यांना) दर १००० किमीला ग्रीस, पण चाक जॅकवर उचलून. गाडीचा भार असताना मारलेलं ग्रीस जिथे घर्षण होतं तिथे पोचतच नाही, नुसतं कडेने बाहेर येतं. जुनं काळं ग्रीस निघून स्वच्छ दिसेपर्यंत गन दाबत राहा.

ब्रेकचं तेल मात्र गाडी कोणत्या सालची आहे ते बघूनच घाला. १९८१ नंतरच्या, पुढे डिस्क असलेल्या गाड्यांना हिरवं एलएचएम लागतं, ते खनिज तेल आहे. त्यात इतर गाड्यांचं नेहमीचं डॉट ब्रेक तेल पडलं तर रबर फुगतं, खराब होतं. नुसतं धुऊन भागत नाही: मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि मागच्या चाकांचे सिलिंडर यांची सगळी रबरी सीलं बदलावी लागतात.